जैनबआपाची मुशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही. आत ठेवून ठेवून वैताग आलाय, एवढंच.

मी आर्णी तालुक्यात वनपाल. सागाचं खोड दाखवा, कुऱ्हाडीनं तोडलं की करवतीनं, लांबून सांगतो. पण समुद्र? तो आयुष्यात एकदा पाहिला, लग्नानंतर. तर वन्यजीव कायद्यात शार्कच्या, म्हणजे मुशीच्या, काही जाती आल्या आणि आमचं प्रशिक्षण झालं. मुशीचे पर — पोहायचे पंख — महाग जातात, म्हणून पर कापून धड समुद्रात फेकून देतात. ते थांबवायला नियम आहेत — असं सांगितलं. माझ्या डोक्यात राहिलं इतकंच, की पर नाहीत म्हणजे गुन्हा!

पुढच्याच आठवडी बाजारात जैनबआपाच्या दुकानात सुकी मुशी दिसली. बिनपरांची. आपा जन्मभर बोंबील-सुकट विकणारी बाई. म्हणाली, "साहेब, साधी मुशी हाय हे. बाळंतिणीले दूध याले देतेत. मुंबईहून असीच येते, मी कायले पर कापू?"

मी ऐकलं? छे. संरक्षित जात म्हणून पंचनामा ठोकला, गुन्हा नोंदवला, नमुना तपासणीला पाठवला. जात कशावरून ओळखली? — ओळखलीच नव्हती. पण भोवती माणसं जमली होती, आणि 'मला माहीत नाही' हे अंगात वर्दी असताना तोंडातून निघत नाही. पेपरात फोटो आला. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी जेवताना घास हातातच राहिला. अरे गाढवा — धड फेकतात म्हणून तो नियम. इथं तर धडच विकायला मांडलं होतं! तेव्हाच जाऊन बोललो असतो तर? नाही गेलो.

मग नमुन्याचा तपासणी अहवाल आला, माझ्याच हातात. साधी मुशी, पकडायला, विकायला बंदी नाही. तो मी फाइलला लावला नाही. विचारलं की 'अजून आला नाही' म्हणायचो. आणि चिडायचो — कायदा करणाऱ्यांवर, शिकवणाऱ्यांवर, कोर्टाच्या तारखांवर. एक मी सोडून सगळ्यांवर.

आपा दोन वर्षं तारखांना येत राहिली. बाजारात तिच्याकडून कुणी बोंबीलही घेईना, शेवटी दुकान उठलं. मागच्या महिन्यात तिनं कोर्टात हात जोडले. "कबूल हाय साहेब. मले आता चकरा होत नाहीत."

जे केलंच नाही ते तिनं कबूल केलं. दंड झाला, गुन्हेगार म्हणून नाव लागलं. मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो. अहवाल माझ्या बॅगेत होता. मी बॅगेची चेन उघडली नाही.