पाळकसाहेबांशी मिटवून या

बहारिनमध्ये उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला की कढत पाणी येतं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापत असते. म्हणून इथे मुरलेली माणसं गीझर बंद ठेवतात आणि त्यात निवलेलं गार पाणी गरम पाण्याच्या नळातून घेतात. ही गंमत आईला आल्या आठवड्यातच कळली. बाबांना ती अजून रोज नव्याने कळते.

बाबा मेनोनाइट मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री होते. ऑफिसात हे सांगितलं की आपलेच मराठी लोक विचारतात, मेनो म्हणजे काय? मी थोडक्यात सांगते, आम्ही असे ख्रिस्ती की जे हत्यार उचलत नाहीत, शपथ घेत नाहीत आणि एकमेकांचे पाय धुतात. शपथ नाही, कारण हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. लहानपणी याचा फार जाच व्हायचा. बाकीची पोरं आईची शप्पथ घेऊन सहीसलामत सुटायची, आम्हाला मात्र खरंच बोलावं लागायचं.

आमचं गाव भंडाऱ्याच्या पुढे, छत्तीसगडला लागून. मिशनच्या बंगल्यात आम्ही वाढलो, पण तो बंगला आमचा नव्हता, पाळकाचा होता. बाबा थकले, नवीन पाळक आले, आणि आईने आयुष्यभर सारवलेलं अंगण दुसऱ्याचं झालं. त्याच सुमारास बाबा विसरू लागले. दोघांना मी इथे बहारिनला, जनाबिया भागातल्या आमच्या घरी आणलं. आईने सामानात साड्यांत गुंडाळून एक तामचिनीचं घमेलं आणलं. पांढरं, निळ्या काठाचं, जागोजागी टवके उडालेलं. एवढ्या लांब घमेलं कशाला आणलंस, इथे काय टब मिळत नाहीत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे वं. कोणाच्या वाटेत येऊन राहिलं ते?"

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायच्या दिवशी याच घमेल्यात पाय धुतले जायचे. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. कमरेला पंचा बांधायचा, समोरच्याचे पाय धुवायचे, पुसायचे, मग उठून त्याला कवटाळायचं. बाबांनी शेतमजुरांचे पाय धुतले, कुष्ठरोग्यांचे धुतले, ज्याने त्यांची सायकल पळवली होती त्याचेही धुतले. आईचे कधीच नाही, कारण ती दुसऱ्या बाजूला बसायची.

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात बाबा घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारत. मनात कोणाविषयी काही आहे का? असेल तर आधी मिटवून या, मग भोजनाला बसा. एका वर्षी हा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात आईला विचारला. आई म्हणाली, आहे. मंडळीतली एक बाई नळावर म्हणाली होती की सणाला देवळात, म्हणजे चर्चमध्ये आलेला तांदूळ पाळकाच्या घरात जातो. पाळकाच्या घरात तेव्हा आम्ही कण्या खात होतो. बाबांवरचा आळ आईच्या जिव्हारी लागला होता. पण बाबांनी काय झालं ते विचारलंच नाही. मिटवून ये, एवढंच म्हणाले. तिने नाही मिटवलं.

रविवारी मी आईला चिकटून सतरंजीवर बसले होते. बाबा भाकरीचं ताट घेऊन आले, तिच्यासमोर क्षणभर थांबले आणि पुढच्या बाईकडे वळले. सगळ्या मंडळीने पाहिलं. आईने पदर पुढे ओढला. घरी येऊन तिने रोजच्यासारखं वरण केलं आणि बाबांनी रोजच्यासारखं चांगलं झालंय म्हटलं. त्या बाईशी आईचं पुढे मिटलं, इतकं की तिच्या शेवटच्या आजारपणात आईच तिच्या उशाशी होती. बाबांशी मिटायचं राहिलं, कारण बाबांच्या लेखी भांडण झालंच नव्हतं.

इथे आल्यावर आई मला एकदा म्हणाली, "माझ्यासाठी भांडले वं मी? त्यांच्यासाठीच भांडले. त्यांनी मले एकदा तरी विचारावं, का झालं होतं म्हणून. सारं विसरून जायच्या आत." यापलीकडे तिला काही नको होतं. रोज संध्याकाळी ती त्यांच्याजवळ बसून जुन्या गोष्टी काढायची. बाबांना पाठ असलेली स्तोत्रं आठवत, बैलाचं नाव आठवे. तिला मात्र ते ताई म्हणायचे, आणि तब्येत कशी आहे असं आदराने विचारायचे. त्या आदराचा मला राग यायचा.

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. इथे शुक्रवारी उपासना असते, हेही बाबांना पटत नाही. आम्ही घरी आलो. आईचे पाय सुजले होते, डॉक्टरांनी पाण्यात ठेवायला सांगितले होते. मी घमेल्यात गार पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि तिच्या खुर्चीपुढे ठेवलं. बाबा आतून आले. घमेलं पाहिलं. मागे वळले, बाथरूममधला टॉवेल घेऊन कमरेला बांधला आणि खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. मी उठवायला धावले. आईने हातानेच मला थांबवलं.

समोर पाय पुढे करून बसलेला माणूस बाबांच्या लेखी मंडळीतला भाऊच. ते म्हणाले, "भाऊ, मनात कोणाविषयी काही आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आहे जी."

"कोणाविषयी?"

"पाळकसाहेबांविषयी."

बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. असली उत्तरं त्यांनी जन्मभर ऐकली होती. "काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

आईने सगळं सांगितलं. नळ, तांदूळ, कण्या, समोरून गेलेलं ताट. तिचा आवाज चढला नाही, पण पदराचं टोक तिने पिळून पिळून दोरी केली होती. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "पाळकाचं चुकलं. विचारायला पाहिजे होतं त्यांनी."

मला वाटलं, झालं, सुटली बिचारी. पण बाबांचं संपलं नव्हतं. "भाऊ, तुम्ही जा. पाळकसाहेबांशी मिटवून या. मी पाणी घेऊन बसतो."

आई उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "आई, मिटलं म्हणून सांगून टाक ना. त्यांना काय कळणार आहे?"

"मले कळते ना," ती म्हणाली. "कोणाशी मिटवू वं? ज्याच्याशी मिटवायचं तो तिकडं बसून आहे, अन् त्यालेच माहीत नाही." ती रडत होती. मलाही रडू आलं. शेजारी एसी घरघरत होता. मग तिने नळ सोडला, पाणी पोळलं, चटकन बंद केला. तोंड पदराने पुसलं आणि बाहेर गेली. मी दारात उभी राहिले.

"भेटले?" बाबांनी विचारलं.

"भेटले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, विचारायला पाहिजे होतं."

"मग?"

आई पुन्हा खुर्चीत बसली. "मग मिटलं," ती म्हणाली. आमच्या घरात मिटलं म्हणजे मिटलं.

बाबांनी तिचे पाय पाण्यात घेतले. टाचांच्या भेगांवरून अंगठा फिरवला, बोटांच्या बेचक्यांतून पाणी सोडलं, टॉवेलने एकेक पाय टिपला. घाई नव्हती. मग मी हात दिला आणि ते उठले, आईही उठली, आणि रीतीप्रमाणे त्यांनी तिला कवटाळलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी त्या दोघांना असं पाहिलं नव्हतं. आईने डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि सोडेचना.

बाबांनी पुरुषांना थोपटतात तसं तिच्या पाठीवर थोपटलं. "चला भाऊ," ते हळूच म्हणाले, "मागे लोक थांबलेत."

"थांबू द्या जी," आई म्हणाली.