सांध्यांतलं सिमेंट

मिस ऑनर क्विलने लेन मॅडकला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या घराची भिंत चाटत होता. ते बघून पाद्रीबुवांची सायकल दिव्याच्या खांबावर गेली आणि एक कुत्रा लाजून रस्ता ओलांडता झाला, असं गाव सांगतं. खिडकी वर सरकवून बाई गरजल्या, "अहो, भूक लागली असेल तर दार वाजवा!"

"चव बघतोय, बाईसाहेब. चुना आहे की सिमेंट, ते."

खरं तर चाखायची काही गरज नव्हती. दगडांच्या सांध्यांत ते सिमेंट त्यानेच भरलं होतं, छत्तीस वर्षांपूर्वी. बाई तेव्हा परगावी शाळेत शिकवत होत्या. मधाच्या रंगाच्या दगडाचं तीन मजली घर आणि तेवीस वर्षांचा लेन! म्हातारे गवंडी "चुनाच भर" म्हणून ओरडत होते. पण घट्ट ते चांगलं, असं लेनचं मत. पुढे कळलं, की असली भिंत सांध्यांतून श्वास घेते. सांधे बुजवले की पाणी दगडात अडकतं आणि थंडीत दगडाचे पापुद्रे सुटतात. तेव्हापासून तो गावभर चुन्याची कीर्तनं करत हिंडला, फक्त या गल्लीत त्या दिवसापर्यंत फिरकला नाही.

आत भिंती ओल्या होत्या. बाईंचा पलंग तळमजल्यावर आणला होता. चहा ओतताना त्या तीनदा खोकल्या.

"बाबांनी कुठल्या गाढवाला बोलावलं होतं, देव जाणे. तुम्ही ओळखता त्याला?"

लेनने हातातला केक बशीत ठेवला. "ओळखतो. साठीला आलाय आता. गुडघे दुखतात त्याचे."

बाईंनी त्याच्या गुडघ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"मग त्या गाढवाला सांगा, सोमवारी आठला ये म्हणावं. आणि चाटायचं नाही."

सिमेंट काढून चुना भरायचं काम वरून खाली करतात. लेनने ते खालून सुरू केलं, बाईंच्या पलंगामागच्या भिंतीपासून. यंत्राने दगडाची कड फुटते, म्हणून हातात छिन्नी-हातोडा. दिवसाला जेमतेम हातभर भिंत मोकळी व्हायची. आतून खोकला ऐकू आला की त्याचा हात घाई करायचा, आणि दगडाचा टवका उडायचा.

"मॅडक, माझ्या हयातीत उरकेल ना?"

"चुन्याला घाई चालत नाही, बाईसाहेब."

"मला चालते!"

नोव्हेंबरात हिमकण पडू लागले. गोठल्या हवेत ओला चुना भुसभुशीत होतो. लेनने ताज्या सांध्यांवर गोणपाट बांधलं आणि खिडकीवर टकटक केली. "मार्चमध्ये येतो."

"गोणपाट तुझ्या गुडघ्यांना बांध," आतून उत्तर आलं.

मिस क्विल फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेल्या. घर विकलं गेलं. तळमजल्यावर आता दंतवैद्याचा दवाखाना आहे. वरच्या दोन मजल्यांतलं सिमेंट तसंच आहे.