गोजरबाईच्या हातातलं ताट

गोजरबाईच्या तोंडाला गाव वचकून असायचं. तलाठी असो, गिरणीवाला असो, नाहीतर रेशनचं दुकान चालवणारा, कुणी मापात खोट केली की बाई पदर खोचून उभी राहायची. मग त्याची खैर नसायची. नवरा विहिरीच्या खोदकामात सुरुंगाचा दगड लागून गेला, तेव्हा थोरला रंभाजी नुकता शाळेत जायला लागलेला आणि धाकटा गोरक्ष पाळण्यात होता. थोरल्या जावेनं, भागूबाईनं, सुचवलं की आता माहेरी जा. गोजरबाई म्हणाली, "का म्हनून? माझा वाटा काय वाऱ्यावर पडलाय?" आणि राहिली. दुसऱ्याच्या रानात खुरपलं, शेळ्या पाळल्या, दोन्ही पोरं वाढवली. जन्मभर भांडली. पण एकदाच तिची वाचा बसली, आणि तीही नको तिथं.

तो दिवस रंभाजी पलटणीत निघाला त्याचा. नगरला भरतीत उभा राहिला, छाती भरली, निवडला गेला. निघायच्या सकाळी गोजरबाईनं स्वतः ताट तयार केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, तेलाचं निरांजन. अंगणात पाटावर पोरगं बसलं, गाव गोळा झालं. ही दारातून ताट घेऊन पुढं आली, तशी भागूबाईनं ताटाला हात घातला.

"गोजरे, तू नगं. सवाशिनीच्या हातानं व्हऊ दे. लढाईचं काम हाय, अपशकुन नगं."

भागूबाई काही दुष्ट नव्हती. रंभाजीवर तिचाही जीव होता. अंगणात जमलेल्या पंचवीस-तीस माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सरपंच आबासाहेब होते, ते घड्याळ बघत होते. आणि गोजरबाई, तलाठ्याला घाम फोडणारी गोजरबाई, तिनं ताट सोडलं. नुसतं सोडलं नाही, तर पोराच्या वाटेत आपलं पांढरं कपाळ नको म्हणून शेळ्यांच्या खोपटामागं जाऊन उभी राहिली. निघताना रंभाजीनं दोनदा हाक मारली, "आई, कुठं हायेस?" तिनं ओ दिली नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. पंजाबच्या सरहद्दीवर रंभाजी पडला.

दुखवट्याला आलेली एक म्हातारी कुजबुजली, "सावली पडली आसंल गं पोरावर." गोजरबाईनं तिला तिथल्या तिथं हाकलून दिली. सवाष्णीनं ओवाळूनसुद्धा पोरगा गेलाच की, मग सावली कसली डोंबलाची, असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची. पण म्हातारीचं बोलणं आत कुठंतरी जाऊन बसलं होतं, ते काही निघालं नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळानं माणसं वाळून गेलेली असताना, जत्रेला तंबूतला सिनेमा आला. लढाईचा! पुण्या-मुंबईत महिनोन्‌महिने चाललेला, पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलेला, बक्षिसं मिळवलेला. नाव काहीतरी लांबलचक हिंदी होतं, ते गोजरबाईच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

आबासाहेब स्वतः घरी आले. "काकी, मी पुन्यात दोनदा बघितलाय. काय सांगू, खरीखुरी लढाई दावलीय! आन मदल्या सुट्टीत तुमचा सत्कार ठिवलाय. वीराची आई म्हनून."

"सत्कार नगं आन शिनेमा बी नगं," गोजरबाई म्हणाली. "उद्या सकाळी गोरक्ष निघायचाय. मला लाडू वळायचेत."

कारण गोरक्षही भरती झाला होता. किती सांगितलं, किती रडली, पण ऐकेल तर तो रंभाजीचा भाऊ कसला! तोच आता म्हणाला, "चल की आई. दादा जिथं गेला ती जागा कशी आसंल, ती तरी बघू." झालं. ती पदर सावरून उठली.

दिवस मावळल्यावर खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूला भागूबाईशेजारी गोजरबाई बसली. मधल्या कनातीला खेटून पलीकडं गोरक्ष बसला. पडद्यावर तोफा उडायला लागल्या. बाईनं डोळे ताणताणून बघितलं. तिला काय दिसायचं होतं कुणास ठाऊक! धुरातून एक शिपाई आला, त्याला छातीत गोळी लागली आणि पडल्या पडल्या तो बोलायला लागला. देश, माती, झेंडा, गावाकडची नदी, काही म्हणून सोडेना.

"येवढं बोलतोय तर पानी माग म्हनावं की," गोजरबाई मोठ्यानं म्हणाली. पुढच्या दोघी-तिघींनी वळून डोळे वटारले. कनातीपलीकडं गोरक्ष मात्र मान खाली घालून बसला.

मग त्या शिपायाची आठवण सुरू झाली. तो घरून निघतो तेव्हाची. आणि पडद्यावर आली त्याची आई. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, मोकळा गळा. विधवा! हातात भलंमोठं चांदीचं तबक. हसत हसत पुढं आली, लेकाच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, वर एक गाणंही म्हटलं. हात कसा, अगदी संथ. तंबूत मुसमुसणं सुरू झालं. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या वाजल्या, कुणी पडद्यावर पैसे उधळले.

"काय आई हाय बाई! धन्य हाय!" भागूबाईनं डोळ्यांना पदर लावला.

गोजरबाईनं पडद्याकडं बघितलं. मग भागूबाईकडं बघितलं. आणि तिच्या डोक्यात अशी काही तिडीक उठली की पुढचं काय चाललंय ते तिला दिसेना झालं.

मधल्या सुट्टीत दिवा लागला. आबासाहेबांनी डोळे पुसले, भोंगा हातात घेतला, भाषण ठोकलं, गोजरबाईला पुढं बोलावून नारळ दिला, लुगडं दिलं. तेही पांढरंच, बरं का! वर म्हणाले, "काकी, दोन शब्द बोला. शिनेमा कसा वाटला?"

"खोटा हाय."

आबासाहेब हसले. त्यांना वाटलं, बाईला समजलं नसेल. "आवो काकी, लई बक्षिसं मिळाल्यात त्येला!"

"मिळू द्या की. बक्षीस देनारं काय आपल्या गावात ऱ्हात्यात? ती बाई इधवा हाय न्हवं? मंग तिच्या हातातलं ताट कुनी कसं वडलं न्हाई? तिला जावा-नंदा न्हवत्या? तिच्या गावाला सरपंच न्हवता?" आता बाईला भोंग्याचीही गरज उरली नव्हती. "समदे रडलात. आबासायेब, तुमी बी डोळं पुसलं, म्यां बघितलं. माझा रंभाजी निघाला तवा तुमी माझ्याच अंगनात हुता. तवा कुठं गेल्तं तुमचं डोळं? पडद्यावरली इधवा चालती तुमाला, लई ग्वाड लागती. घरातली खोपटामागं उभी करायची!"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "जवानाची आई आसून आसं बोलती! सुरू करा रं शिनेमा!" दोघं-चौघं त्याला सामील झाले. आबासाहेबांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पडला होता, पण माणूस पुढारी, इतक्यात हार कसा मानेल!

"काकी, तुमचं खरं हाय. पन शिनेमात कसं आसावं त्ये दावत्यात. बघून लोकांनी शिकावं म्हनून."

"मंग शिका की!" गोजरबाईनं नारळ आणि लुगडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "उद्या सकाळी माझा गोरक्ष निघायचाय. या अंगनात. बघू काय शिकलाय त्ये."

आणि बाकीचा सिनेमा टाकून ती घरी गेली. तिच्या मागोमाग गोरक्षही उठला.

सकाळी अंगण भरलं. सत्काराला नव्हती तेवढी माणसं आली. कोण शिकायला आलं, कोण तमाशा बघायला. आबासाहेब आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. पाटावर गोरक्ष बसला. घरातून ताट घेऊन आली ती भागूबाई. तिचे डोळे सुजलेले होते आणि आता ते सिनेमासाठी नव्हते. ती पाटापाशी थांबली, वळली आणि तिनं ताट जावेच्या हातात दिलं.

"घे गोजरे. तुझं हाय, तूच कर."

भांडायला समोर कुणी उरलंच नाही. आणि मग, अहो, गोजरबाईचेच पाय जागच्या जागी थिजले. रात्रभर ती याच क्षणासाठी दातओठ खात होती, आणि ताट हातात आल्यावर तिला ती दुखवट्याची म्हातारी आठवली. एक पोरगा गेलाय. हा उरलाय. न जाणो, म्हातारीचं खरं असलं तर? आपल्या हट्टापायी ह्याला काही झालं तर? द्यावं का परत ताट भागूबाईला? तिनं खोपटाकडं बघितलंसुद्धा.

"आई," गोरक्ष हळूच म्हणाला, "दादानं हाका मारल्या तवा तू खोपटामागं हुतीस, म्यां बघितलं हुतं. आता लपू नगं."

तिनं बोट कुंकवात बुडवलं. इतकी वर्षं कुंकवाला न शिवलेलं बोट ते. पोराच्या कपाळाला लावायला गेली, तर टिळा सरळ उमटेना, भुवईपर्यंत ओघळ आला. अक्षता लावल्या. मग ताट उचललं आणि ओवाळायला लागली, तर ताट थडथडा वाजायला लागलं. सुपारी घरंगळली. निरांजन कलंडता कलंडता राहिलं, ज्योत फडफडली, तशी अंगणातल्या सगळ्या बायकांनी श्वास धरला. पण विझली नाही. तिनं तीनही वेळा ओवाळलं, मधेच सोडलं नाही. गोरक्षनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं, ट्रंक उचलली, आणि ह्या वेळी ती फाट्यापर्यंत त्याच्या पुढं पुढं, उघड्या कपाळानं, हातात ताट तसंच धरून चालत गेली.

एस.टी. गेली. धूळ बसली. भागूबाई हुंदके देत जवळ आली आणि जावेच्या गळ्यात पडून म्हणाली, "गोजरे, अगदी शिनेमातल्यावानी झालं गं!"

गोजरबाईनं तिला ढकलून बाजूला केलं आणि ताट तिच्या नाकासमोर धरलं. अक्षता, कुंकू, सगळं सांडलेल्या तेलात तरंगत होतं. तिच्या मनगटावरून तेल कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"शिनेमातल्यावानी? ह्ये बघ, नीट बघ. त्या बाईच्या ताटात त्याल सांडलं हुतं का?"