शेवटच्या दोन रांगा

चहाचा कप तोंडाशी नेताना तारमास्तरांचा हात मध्येच थांबला.

बायको भिंतीवरचा, सिनेमाच्या मैदानावरच्या शेवटच्या दिवसाचा फोटो पुसत होती. "बघा की, सगळे रडवेले आणि तुम्ही हातात पक्कड घेऊन उभे. जसं कुणाचे दात उपटायला निघालात."

"पक्कड?"

"मग काय फुलांचा गुच्छ आहे? मागच्या रांगेत वाकून तारा तोडत होतात. मीच हाक मारली, अहो, फोटोवाला खोळंबलाय, या आधी. तुम्ही म्हणालात, उरलेलं नंतर करतो."

"मग केलं का?"

"ते मला विचारताय?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

गाडीत बसूनच सिनेमा पाहायचं ते मोठं मैदान. मास्तर बाविसाव्या वर्षी तिथे वायरमन म्हणून लागले, तारा सांभाळून सगळ्यांचे तारमास्तर झाले, ते थेट कुलूप लागेपर्यंत राहिले. पडदा तीन मजली घराएवढा. समोर खडीच्या उंचवट्यांच्या रांगा, गाडीचं नाक वर राहावं म्हणून. दर गाडीला एक लोखंडी खांब. त्यावर काचेला अडकवायचा स्पीकर आणि नंबर दाखवणारा लाल दिवा. सिनेमा संपला की हमखास कुणीतरी स्पीकर काचेलाच ठेवून गाडी सुरू करी आणि तटकन तार तुटे. मग मास्तर मागे धावत, "अहो साहेब, बायको विसरलात तरी चालेल, स्पीकर ठेवून जा!" तिकिटाच्या खिडकीतली मुलगी ते ऐकून इतकी हसे की सुटे पैसे द्यायचे राहून जात. तीच आता हातात फडकं घेऊन उभी होती.

भरभराटीच्या दिवसांत गाड्या पार रस्त्यापर्यंत लागायच्या. तेव्हा आठवड्याभरात मागे दोन रांगा वाढवल्या. मुख्य लाइनला भार झेपेना. मॅनेजरने शेजारच्या टायरवाल्याशी गोड बोलून त्याच्या दुकानातून जमिनीखालून तार घेतली. घेतली म्हणजे मास्तरांनीच ओढली. कागदावर तिचा पत्ता नाही. पुढे घरोघरी मोठे टीव्ही आले, तीनशे गाड्यांच्या जागी सात दिसू लागल्या. त्यातल्या दोन तर गाडी शिकायला आलेल्यांच्या. मैदान बंद झालं. वीज कंपनीने मुख्य लाइन काढून नेली, चोरांनी दिवे नेले, बाकीचं अकरा वर्षं गवताने झाकलं.

आता तिथे घरं होणार होती. परवाच कंत्राटदाराने विचारलं होतं, "मास्तर, खाली जिवंत तार नाही ना?"

"एकेका खांबाची तार या हातांनी तोडलीय," मास्तरांनी छाती काढून सांगितलं होतं. वर सहीही ठोकली होती.

टायरचं दुकान मात्र अजून चालू होतं, म्हणजे कदाचित ती तारही. आणि आज सकाळपासून खोदायच्या मशीनवर मास्तरांचा सख्खा भाचा बसला होता.

"अगं, फोन लाव त्याला!"

"तिसऱ्यांदा लावतेय. त्या घरघराटात त्याला ऐकू येतंय, कप्पाळ!"

स्कूटरने पाच किकांनंतर खोकून दाखवलं. चौकातल्या लाल दिव्याला मास्तरांना रडू यायचं बाकी होतं. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: लोखंडी खांब, आणि त्याला धरलेले हात.

मैदानात पोचले तर नेमकं तेच चाललेलं. दोन मजूर खांबाला मिठी मारून साखळी गुंडाळत, मशीन खांब उपटी, की पुढचा खांब. मागून तिसऱ्या रांगेपासून सुरू केलं होतं, ती रांग संपत आली होती. एक मजूर साखळी घेऊन तिच्या मागच्या रांगेकडे निघालाच होता.

मास्तर हात पसरून मशीनसमोर उभे राहिले.

"मामा! जीव द्यायचाय का?"

"तुझा वाचवायला आलोय. बंद कर आधी! आणि अरे तू, साखळी टाक खाली!"

त्यांनी खिशातून टेस्टर काढला. ते मागच्या रांगेतल्या पहिल्या खांबाशी वाकले. टोक तारेला लावलं. टेस्टरमधला दिवा पेटला.

साखळीवाला मजूर नुसता आपले तळवे बघत राहिला.

टायरच्या दुकानात आता जुन्या मालकाची मुलगी बसायची. "कसली तार, काका? आमच्याकडे टायर मिळतात."

मास्तरांनी टायरांची चळत ढकलली. मागे भिंतीवर चिनीमातीचा जुना फ्यूज.

"हा होय! बाबा म्हणायचे, कशाचा आहे माहीत नाही, हात लावू नका, उगाच काहीतरी बंद पडेल."

मास्तरांनी तो खेचून काढला आणि मुठीत घट्ट धरूनच ते परतले. टेस्टर पुन्हा लावला. आता काही पेटलं नाही.

फाटकातून कंत्राटदाराची गाडी आत येत होती. भाचा कानाशी लागला. "मामा, बोलू नका काही. मिटलं ना? उगाच तुमचीच लाज जायची."

"माणूस गेला असता, लेका."

मास्तरांनी सगळं सांगितलं. कंत्राटदार आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग घड्याळ बघू लागला. "बरं. झालं ते झालं. बाकीचे खांब तरी मेलेले आहेत ना? नक्की?"

परवा या प्रश्नाला त्यांना क्षणही लागला नव्हता. आज ते फोटोचा दिवस आठवू लागले. हाक आली तेव्हा आपण नेमके कुठे होतो? शेवटच्या रांगेत, की त्याच्या आधीच्या? आणि कागदावर नसलेली अशी आणखी एखादी तार ओढली होती का?

"माझी सही कुठेय?"

"फायलीत."

"फाडा ती. आज मशीन चालायचं नाही."

"मास्तर, अहो तीनशे खांब आहेत!"

"तीनशे चौदा होते. उपटलेले वजा करा."

ते पडद्याच्या बाजूला गेले, पहिल्या खांबाशी गुडघे टेकले, गवत बाजूला सारलं. टेस्टर लावला. काही नाही. पुन्हा लावला.

"मामा, दोनदा कशाला?"

मास्तर तिसऱ्यांदा लावून मगच उठले. भाच्याने मशीनची किल्ली काढून खिशात टाकली आणि दुसऱ्या खांबाभोवतीचं गवत काठीने बाजूला करायला घेतलं.