डांबराखालचा रूळ

कचेरीच्या फाटकासमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल असते. आज तेथील रस्ता खणताना डांबराखालून ट्रामचा रूळ निघाला. गंजलेला, परंतु सरळ. तो पाहून मी नकळत उठून उभा राहिलो.

माझे वडील याच रुळावर ट्राम हाकीत. उजव्या पायाने घंटा दाबून ते वाटेतली माणसे बाजूला करीत. शेवटच्या थांब्यावर ट्राम वळत नसे. वडील हँडल काढून दुसऱ्या टोकाला जात आणि मी बाकांच्या पाठी उलट्या फिरवीत त्यांच्यामागे धावत असे. इतके सोपे परतणे पुढे आयुष्यात कुठेच दिसले नाही.

हल्ली माझी मुले त्यांना हसतात. "आजोबा, कचेरीसमोरून ट्राम? काहीही सांगता!"

म्हणून मी मुकादमास म्हटले, "संध्याकाळी वडिलांना व मुलांना घेऊन येतो. तोवर हे उघडे ठेवा."

"वरून हुकूम लागतो, काका. तुम्ही तर अर्जवाले, टाका की एक अर्ज!"

माझ्या मसुद्यात आजवर एकाही वकिलास खोड काढता आलेली नाही. अर्जांचे पुढे काय होते, हेही मीच जाणतो. तरी लिहावयास बसलो. 'सविनय विनंती' एवढेच कागदावर उतरले, तोच गरम डांबराचा वास आला.

घरी वडील खुर्चीत पेंगत होते. उजवा पाय फरशीवर पुन्हा पुन्हा आपटत होता. स्वप्नातही त्यांच्या वाटेतून कोणी बाजूला होत नसावे.