तीन चॅनेल आणि नाना

आमच्या घरात खाली चार लूम आहेत आणि वर आम्ही राहतो. सकाळी लूम सुरू झाले की दिवसभर टॉवेल विणले जातात आणि वरची फरशी तळपायांना गुदगुल्या करत राहते. पाहुणे पहिल्या दिवशी कपाळ दाबून बसतात. आम्ही मात्र लूम थांबले तरच दचकतो. अशा घरात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. ओळखीचे लोक याला हौस म्हणतात, आमच्या गल्लीत याला डोकं फिरणं म्हणतात.

पुण्याला शिकत असताना मला हा नाद लागला. पुढे कंपनीचं काम घरूनच करायचं ठरलं तेव्हा मी सोलापूरला परत आले, ते तीन चॅनेलचा ॲम्प्लिफायर घेऊनच. पहिला चॅनेल स्वच्छ, दुसरा जरा खरखरीत आणि तिसरा थेट भांडायला उठलेला. प्रत्येकाला गेन, बास, मिडल, ट्रेबल, व्हॉल्यूम अशी वेगवेगळी बटणं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा कपाळावर चढवून ती सगळी न्याहाळली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण टोमणा मारायचा असला की नाना मराठीत येतात.

"एवढी बटनं? आमच्या लूमला दोनच हायत. चालू आन् बंद. तरी टावेल निघतोय की."

मी त्यांच्या आवडीचं एक जुनं तेलुगू गाणं बसवलं होतं. तरुणपणी ते हे गाणं फार छान म्हणायचे, असं आई सांगते. खाली लूम चालू असतानाच मी ते वाजवलं. नाना माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वाजतंच न्हाय की."

मला हा टोमणाच वाटला आणि मी भडकले. खरी गोष्ट अशी होती की लुमांच्या खटाखटीत सारा जन्म काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. ते मात्र तसं मानत नाहीत. त्यांच्या मते आजकालची माणसंच पुटपुटतात. कानाचं मशीन आणलंय, पण ते लावलं की लूमच दुप्पट मोठ्यानं ऐकू येतो, म्हणून ते मशीन टीव्हीशेजारच्या डबीत आराम करतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही नानांनी माझं वाजवणं ऐकावं, एकदा तरी ऐकावं, हे माझ्या मनानं घेतलं. बाकी कुणी ऐकलं नसतं तरी मला चाललं असतं.

मग मी बटणांच्या मागे लागले. इंटरनेटवर ज्ञानी लोक सांगतात की बास म्हणजे जाड आवाज आणि ट्रेबल म्हणजे किनरा आवाज चढवा, मधला तो मिडल उतरवा, आवाज भव्य होतो. संध्याकाळी लूम बंद करून नाना बाहेर पडल्यावर मी तसं केलं आणि आवाज खरंच इतका भव्य झाला की मी स्वतःवरच खूश झाले. सकाळी लूम सुरू झाले आणि तो भव्य आवाज कुठे गडप झाला ते मलाही कळेना. बास लुमांच्या घरघरीत बुडाला, ट्रेबल इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या खटाखटीत फुटला. मी खरखर आणणारा गेन वाढवला, व्हॉल्यूम वाढवला, तिसऱ्या चॅनेलवर गेले. शेजारच्या काकूंनी जिन्यात येऊन विचारलं, "वेल्डिंगचं काम काढलंय का घरात?" आईला मिक्सरचं भांडं नीट बसलं नाहीसं वाटलं, म्हणून ती मिक्सर बघून आली. नाना खाली धागा जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी गिटार मांडीवर घेऊन, तोंड पाडून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून नानांना जेवायला हाक मारली. ती ओरडली नाही. जराशी नाकातून आली, ना जाड ना किनरी, अशी ती हाक. खाली चारही लूम चालू होते आणि नानांची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी हात पुसले आणि जिन्याकडे वळले.

हे मी जन्मापासून रोज बघत आले होते! आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचा आवाज असाच आहे. लुमांवर आवाज चढवून कुणाचंच भलं होत नाही, हे त्यांना बटणांशिवाय कळलं होतं, आणि मी मात्र पगार घालून तीन चॅनेल आणले होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला जवळ बसवलं आणि म्हटलं, नानांना हाक मार. तिनं मारली. "परत मार." ती हाक मारायची, मी बटणं फिरवायची. तिसरा चॅनेल सोडला, दुसऱ्यावर आले. गेन जवळजवळ काढून टाकला, बास शून्यावर आणला, ट्रेबल निम्म्यावर ठेवला आणि मिडल पार शेवटपर्यंत चढवला. ॲम्प्लिफायर फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवला आणि त्याचं तोंड जिन्याकडे केलं. आई म्हणाली, "माझी नक्कल करायला एवढं महागाचं मशीन आणलंस होय?" नाना मात्र तिच्या हाकांवर दोनदा वर येऊन, ताट नाही हे बघून, वैतागून परत गेले होते.

एकटा ऐकला तर तो आवाज भिकार होता, सर्दी झाल्यासारखा. पुण्याच्या माझ्या मित्रांनी कान झाकले असते. पण खाली लूम चालू असताना तो वेगळा निघून उभा राहिला. मी नानांचं गाणं सुरू केलं.

पहिलं कडवं संपायच्या आत नाना जिन्यात आले. या वेळी त्यांनी ताटाकडे पाहिलं नाही. ते दारातच, खांद्यावरचा टॉवेल हातानं धरून उभे राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत वाजव." मी परत वाजवलं.

"अंतऱ्यात चुकतीस तू," नाना म्हणाले. "दोन्ही बारीला तितंच चुकलीस. सूर वर जातोय तितं. लई घाई करतीस."

आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आई पोळपाट सोडून बघत राहिली. मी मान खाली घालून तारा बघत होते, कारण मला रडू येत होतं. माझं खूप जणांनी कौतुक केलंय, पण चूक काढल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

आता जेवण झालं की नाना लूमवर जाण्याआधी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि अंतऱ्याची वाट बघतात. मी चुकते. ते कपाळाला हात लावतात, आईला सांगतात की हिला काय जमायचं न्हाय, आणि ओळ पुन्हा म्हणून दाखवतात. खरं तर तो अंतरा मला चौथ्याच दिवशी जमला होता.