ऋताला न्यायला येणारे आजोबा

विष्णुपंत मराठ्यांचं खरं नाव नुसतं विष्णू. ‘पंत’ ही पदवी अंबरनाथच्या कारखान्यातल्या कामगारांनी त्यांना बहाल केली होती आणि ती काही प्रेमाने नव्हे. विष्णुपंत तिथे सेफ्टी ऑफिसर होते. डोक्यावर हेल्मेट नसेल तर ते माणसाला गेटवरूनच परत धाडायचे, मग तो मॅनेजरचा मेहुणा का असेना. रिटायर झाले तसा कारखाना सुटला, पण खोड सुटली नाही. घरातल्या गॅसचा नॉब ते इतक्यांदा तपासायचे, की त्यांची बायको सुनंदा म्हणायची, “अहो, त्या गॅसला तरी थोडा विश्वास दाखवा!” मग सुनंदाबाई गेल्या. नॉब तपासणं चालूच राहिलं, पण त्यावरून चिडवणारं कोणी उरलं नाही.

कात्रप भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुलगा देवदत्त, सून सुरुची आणि पहिलीतली नात ऋता अशी चांगली घरभर माणसं होती. पण ती सकाळी आणि रात्री. मधला दिवस विष्णुपंतांच्या एकट्याच्या वाट्याला यायचा. पेपर वाचून व्हायचा, टीव्हीवरची भांडणं ऐकून व्हायची, कुकर लावून व्हायचा. कधी कधी दुपारपर्यंत तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नसे आणि मग दारावर आलेल्या कुरिअरवाल्याशी बोलताना आवाज घोगरा यायचा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय?

दुपारी ऋताची शाळेची बस कोपऱ्यावर यायची आणि खरं तर तेव्हा त्यांचा दिवस उजाडायचा. शाळेने दिलेलं पिवळं कार्ड, त्यावर त्यांचा फोटो आणि खाली ‘न्यायला येणारी व्यक्ती’ अशी छापील ओळ. ते कार्ड गळ्यात घालून विष्णुपंत असे खाली उतरायचे, की जणू पुन्हा ड्युटीवर निघालेत. बसमधली जनीमावशी दारात उभी राहून कार्ड बघायची, मग ऋताचा हात त्यांच्या हातात द्यायची. त्यांचा हात पक्का धरला गेल्याशिवाय ती स्वतःचा सोडायची नाही.

कार्डाचा हा नियम मूळचा विष्णुपंतांचाच. पालकसभेत ते उठून उभे राहिले होते. न्यायला कोणी नसेल तर मूल बसमधून उतरवायचंच नाही, शाळेला फोन करायचा आणि ज्या माणसाने असा हलगर्जीपणा केला त्याचं कार्ड काढून घ्यायचं. “एक संधी वगैरे काही नाही,” असं त्यांनी ठणकावलं होतं. सुरुचीने मान खाली घातली होती, पण मुख्याध्यापिका बाईंना ते पटलं आणि नियम लागू झाला.

ऋताचे नियम वेगळे. ते घरी येताना रस्त्याने पाठ म्हणून घेतले जायचे. बस थांबल्याशिवाय उठायचं नाही. हात खिडकीबाहेर काढायचा नाही, कोणी ओळखीचं दिसलं तरी नाही. बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही. आणि शेवटचा, विष्णुपंतांचा लाडका नियम: मोठ्या माणसाने ‘हे घरी सांगू नकोस’ म्हटलं, की ते घरी सगळ्यात आधी सांगायचं.

“देवबाप्पाने म्हटलं तरी?” ऋता विचारायची.

“देवबाप्पाने म्हटलं तरी.”

आणि अशा या माणसाला एका दुपारी झोप लागली.

जेवण झालं होतं, कार्ड गळ्यात होतं, पायात चपला होत्या. वेळ होता म्हणून ते खुर्चीत टेकले. फोन आत चार्जिंगला लावलेला. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन टीव्हीपर्यंत सरकलं होतं. ते जिन्याने धावत सुटले. कोपऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अपघात टाळले आणि स्वतःच्या नातीला विसरलो, हे त्यांच्या डोक्यात घणासारखं बसत होतं. देवदत्तला कळवायचं तर फोन वर राहिला होता आणि वर गेलो आणि तेवढ्यात बस परत आली तर, या भीतीने पाय तिथून हलत नव्हता.

बस आली. शेवटच्या थांब्यापर्यंतची, बुवापाड्याची सगळी मुलं सोडून ड्रायव्हर शंकर ती रिकामी परत आणत होता. रिकामी म्हणजे, पुढच्या सीटवर जनीमावशी आणि तिला टेकून बसलेली ऋता.

“आजोबा, मी पूर्ण राउंड मारला!” ऋता उतरता उतरता ओरडली.

जनीमावशीने आज कार्ड बघितलं नाही, त्यांचा चेहरा बघितला. “झोप लागली न्हवं? माजा म्हातारा पन असाच बसल्या जागी डोलायचा. शालंला फोन नाय केला मी. केला असता तं तुमचं कार्ड गेलं असतं. पोरीला सांगून ठेवलंय, कोनाला बोलायचं नाय. तुमी पन नका बोलू.”

विष्णुपंतांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्यांना नुसतं हायसं वाटलं.

रात्री सुरुचीने पोळी वाढता वाढता नेहमीसारखं विचारलं, “काय गं, आज बसमध्ये काय गंमत?”

ऋताने आजोबांकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहून म्हणाली, “काही नाही. आले आणि आजोबांनी घेतलं.”

किती सफाईने म्हणाली! अडखळली नाही, लाजली नाही. आजोबांवरच्या मायेने ती पहिल्यांदा आईशी खोटं बोलली होती आणि ते तिला छान जमलं होतं. विष्णुपंतांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आज आजोबांसाठी गप्प राहिली, उद्या दुसरा कोणी काका म्हणेल, सांगू नकोस.

“सुरुची,” ते म्हणाले, “आज मी झोपलो होतो. बस हिला घेऊन पुढे गेली. जनीने सांभाळून परत आणली, म्हणून ही इथे जेवायला बसली आहे.”

देवदत्त हळूच म्हणाला, “बाबा, एकदाच झालंय ना. होतं असं.”

चिडला असता तर बरं झालं असतं. विष्णुपंतांनी मान हलवली. “मशीनवर झोपलेल्या माणसाला मी परत मशीनवर उभा केलेला नाही, देवदत्त. आणि हे एकदाच नाही. हल्ली मला बसल्या बसल्या डुलकी लागते आणि कधी लागली ते कळत नाही.” दुपारपासून गळ्यातच राहिलेलं कार्ड त्यांनी काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. जनीची तक्रार करायची नाही, एवढं मात्र देवदत्तकडून कबूल करून घेतलं.

ऋता भोकाड पसरून रडायला लागली. “मी सांगितलं नव्हतं ना! मी कुणालाच नव्हतं सांगितलं!”

“ते सांगायचंच असतं, बाळा. आजोबांनी म्हटलं तरी.”

तिला ते मुळीच पटलं नाही. झोपताना ती त्यांच्या खोलीत आली नाही.

दुसऱ्या दिवशी ते जनीलाही म्हणाले, की तू माझ्यासाठी केलंस, पण पोरीला गप्प बसायला शिकवायला नको होतंस. जनीमावशीचा चेहरा उतरला. “चांगलं केलं तं ह्येच मिलतं,” ती म्हणाली आणि तेव्हापासून तिचं ‘काय काका, जेवले का’ बंद झालं.

तो आठवडा सुरुचीने रजा घेऊन ऋताला उतरवून घेतलं आणि पुढच्या सोमवारपासून ऋता स्टेशनजवळच्या पाळणाघरात जायला लागली. बस आधी कात्रपला यायची आणि मग तिला तिकडे पोचवायची. तिथून संध्याकाळी सुरुची तिला घरी आणायची. घरात सगळं अगदी गोडीगुलाबीने चाललं होतं. बाबांनी आता आराम करावा, असं दोघंही म्हणत. आराम कसला करायचा, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

विष्णुपंत तरीही त्या वेळेला खाली उतरायचे. गळा मोकळा मोकळा वाटायचा. जनीमावशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन भावांना त्यांच्या आईच्या हाती द्यायची, विष्णुपंतांकडे न बघता दार लावायची आणि बस निघायची. ऋता पलीकडच्या बाजूला बसलेली असायची. ते तिची वेणी शोधायचे आणि कधी दिसायची, कधी नाही. मग घरी जाऊन गॅसचा नॉब बघायचा.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी बस थांबली आणि अलीकडच्या खिडकीत ऋता होती. तिने त्यांना पाहिलं. विष्णुपंतांनी हात वर केला, अगदी पूर्ण वर, लहान मुलासारखा. ऋता सीटवरच पुढे सरकली. तिचा हात झटक्याने उठला, खिडकीच्या दांडीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. दांडीच्या आत, छातीजवळ धरून, ती बोटं हलवत राहिली. बस वळेपर्यंत हलवत राहिली. तो हात तसूभरही बाहेर आला नाही.

“शाब्बास,” विष्णुपंत म्हणाले. त्या दिवशीचा तो त्यांचा पहिला शब्द होता आणि तो ऐकायला कोपऱ्यावर आता कोणी नव्हतं.